दाब बघून जुगाड

गेल्या शनिवारी रात्री कॉलेजचा एक मित्र टेक्सासहून व्हिडिओ कॉलवर होता. तिकडे जाऊन पठ्ठ्याला नवा छंद लागलाय. रेंजवर रायफल चालवायची, रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या आणि घरी गॅरेजमध्ये बसून त्या पुन्हा भरायच्या. त्याने एक पितळी पुंगळी कॅमेऱ्यासमोर धरली. बुडावर 'के एफ' अशी अक्षरं. "बघ, तुमच्या गावची!"

"अरे, ती खडकीची, पुण्याची. आमच्या अंबरनाथची नाही."

अंबरनाथचा ऑर्डनन्स कारखाना १९५० च्या दशकातला. तिथे पितळ आणि इतर बिगरलोह धातूंचं काम चालतं. २०२१ मध्ये ऑर्डनन्स बोर्ड मोडलं, तेव्हा तो यंत्र इंडिया या कंपनीत गेला. असो. मुद्दा वेगळाच होता. ती .३०३ ची पुंगळी साहेबांना पुन्हा भरता येत नव्हती, म्हणून ते तिचं 'कन्व्हर्जन' करायला निघाले होते.

गोची अशी आहे. काडतुसाच्या बुडाशी प्रायमर नावाची छोटी टोपी असते. फायरिंग पिन तिच्यावर आपटते, आतलं मिश्रण पिन आणि एका छोट्या ऐरणीच्या मध्ये चिरडतं आणि ठिणगी पडते. ही ऐरण कुठे ठेवायची, यावरून दोन पद्धती पडल्या. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सरने ती टोपीतच बसवली आणि पुंगळीच्या मधोमध एकच भोक ठेवलं. वरून पिन घातली की जुनी टोपी खाली पडते. अमेरिकन हायरम बर्डनने ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवली आणि तिच्या बाजूला दोन बारीक भोकं ठेवली. इथे पिन घातली तर ती थेट ऐरणीवर आपटते. दोन्ही कल्पना १८६६ च्या सुमाराच्या. गंमत म्हणजे अमेरिकेत चालली इंग्रजाची पद्धत आणि युरोपच्या सैन्यांत अमेरिकनाची!

बर्डन मूर्ख होता का? अजिबात नाही. लढाईत सैनिक पुंगळ्या वेचत बसत नाही. एकदाच वापरायची वस्तू असेल, तर टोपी जितकी साधी तितकं बरं. पुंगळी पुन्हा वापरायची नव्हतीच मुळी. आपण तिला नंतर भलताच प्रश्न विचारतोय.

कन्व्हर्जनच्या युक्त्या आहेत. पण या .३०३ मधलं टोपीचं घर ६.३५ मिलिमीटरचं आणि सहज मिळणारा रायफलचा बॉक्सर प्रायमर ५.३३ चा. म्हणजे ऐरण कोरून काढा, भोकं बुजवा, वर आणखी एक कडं ठोका. काही हौशी लोक त्याऐवजी छर्ऱ्याच्या बंदुकीचा प्रायमर बसवतात. त्याची ऐरण त्याच्यातच असते. पण छर्ऱ्याच्या बंदुकीतला दाब .३०३ च्या साधारण चौथा हिस्सा! म्हणून तो जोड फार तर हलक्या भरणीपुरता. शिवाय जुन्या प्रायमरमध्ये पाऱ्याचं मिश्रण असेल, तर पहिल्याच बाराने पितळ ठिसूळ झालेलं असतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, "नको करूस." त्याचं उत्तर, "अरे, उल्हासनगरच्या शेजारचा ना तू? जुगाडाला नाही म्हणतोस?"

खरंय. कॅम्प तीनच्या बाजारात मी वाट्टेल त्याला वाट्टेल ते जोडून घेतलंय. दुसऱ्याच लॅपटॉपचा चार्जर, बाहेरच्या देशातली पिन, मिक्सरला परकं भांडं. पण घरच्या गॅस सिलिंडरला परका रेग्युलेटर कुणी दोरीने बांधत नाही. जोड फसला तर चार्जर बंद पडतो, सिलिंडर घर पेटवतो. रायफलचं बूड तर बार उडताना गालापासून वीतभर अंतरावर असतं.

ऑफिसातही मी हेच बघतो. जुन्या सिस्टिमला नवी जोडायची म्हणून मध्ये एक तुकडा लिहायचा. रिपोर्ट छापणाऱ्या कोपऱ्यात तो दहा वर्षं सुखाने नांदतो. तोच तुकडा पैशांच्या व्यवहाराच्या मधोमध लावला की दिवाळीच्या रात्री फोन वाजतो. तुकडा तोच, दाब वेगळा.

तुम्ही म्हणाल, मग फेकून द्यायचं? तसंही नाही. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, वितळवलं की पुन्हा चांगलं पितळ. वस्तू त्याच आकारात वाचवणं म्हणजेच काटकसर, हा आपला गैरसमज आहे. एनसीसीत फायरिंगनंतर आम्ही .२२ च्या पुंगळ्या गवतात रांगत शोधायचो, मोजून परत द्यायचो. त्या कुणी पुन्हा भरणार नव्हतं, त्यांचं मिश्रण कडेच्या घडीतच असतं. तरी एक कमी भरली की कुणाला घरी सोडत नसत. वस्तूची किंमत राखणं म्हणजे ती पुन्हा वापरणंच नव्हे, हे मी तिथे शिकलो.

म्हणून माझं मत सरळ आहे. जुगाड जरूर करा, पण आधी तिथला दाब बघा. आणि आपण नवीन काही बनवत असू, तर झिजणारा भाग बदलता येणाऱ्या तुकड्यात ठेवा, बॉक्सरसारखा. पुढच्या माणसावर कोरत बसायची वेळ येऊ नये.

मित्र अजून पूर्ण पटलेला नाही. पण पुंगळी सध्या त्याच्या टेबलावर आहे, रायफलमध्ये नाही. तेवढं पुरे.