स्वस्त इंजेक्शन, सुप्त जंतू

विशेष प्रतिनिधी

संधिवात, सोरायसिस आणि आतड्यांचा दाह यांवरील 'बायोलॉजिक' इंजेक्शने देशी कंपन्यांमुळे भारतीय रुग्णाच्या काहीशी आवाक्यात आली आहेत. मात्र ही औषधे ज्या देशांत घडली, तेथे क्षयरोग जवळपास इतिहासजमा झाला होता. भारतात तो कोट्यवधी शरीरांत निद्रिस्त आहे. या फरकाकडे दुर्लक्ष करून केवळ औषधाची स्वस्ताई पदरात पाडून घेतली, तर ती महागात पडू शकते.

सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे मिटता येत नाहीत, पेला हातात धरवत नाही, जिना चढणे ही शिक्षा ठरते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा वात, हा म्हातारपणाचा विकार नव्हे. तो ऐन तिशी-चाळिशीतही माणसाला जखडतो. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते, हे त्याचे मूळ. मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्यांनी बहुतेकांना आराम पडतो. ज्यांना पडत नाही, त्यांच्यासाठी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नवे दालन उघडले.

दाह पेटवणाऱ्या 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' (टीएनएफ) या प्रथिनाला अडवले, तर सांधे वाचू शकतात, हे लंडनमधील मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रवींदर मैनी या संशोधकांनी दाखवून दिले. १९९८ मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब आणि इटॅनरसेप्ट यांना, तर २००२ च्या अखेरीस ॲडालिमुमॅबला मंजुरी मिळाली. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून सलाइनसारखे दिले जाते. ॲडालिमुमॅब सर्वसाधारणपणे दर पंधरा दिवसांनी त्वचेखाली टोचले जाते. अंथरुणाला खिळलेली माणसे यामुळे पुन्हा कामावर जाऊ लागली. या औषधांचे मोल मान्य करूनच त्यांच्या धोक्यांची चर्चा करायला हवी.

सत्तर रुग्णांचा धडा

मंजुरीपूर्वीच्या चाचण्यांत रुग्णसंख्या मर्यादित असते. त्यामुळे विरळ दुष्परिणाम तेथे ठळकपणे दिसत नाहीत. ते औषध हजारोंच्या हाती गेल्यावर उघड होतात. इन्फ्लिक्सिमॅबच्या बाबतीत तेच घडले. अमेरिकी औषध प्रशासनाकडे आलेल्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासून संशोधकांनी ऑक्टोबर २००१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. हे औषध घेतल्यानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद त्यात होती. त्यांपैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच क्षयाने गाठले होते. ४० जणांचा क्षय फुफ्फुसाबाहेरचा होता आणि त्यांपैकी १७ जणांच्या शरीरात तो ठिकठिकाणी पसरला होता.

या अहवालातील आणखी एक आकडा भारतीय वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. ७० पैकी ६४ रुग्ण क्षयाचे प्रमाण कमी असलेल्या देशांतले होते. जेथे क्षय शोधूनही सापडत नाही, तेथे ही स्थिती. मग जेथे तो शेजारी राहतो तेथे काय?

तटबंदी ढासळते तेव्हा

क्षयाचे जंतू श्वासावाटे शरीरात शिरले म्हणजे लगेच रोग होतो असे नाही. बहुतेकांच्या शरीरात प्रतिकारपेशी त्या जंतूंभोवती कोंडाळे करतात आणि त्यांना तेथेच डांबून ठेवतात. वैद्यकाच्या भाषेत याला 'ग्रॅन्युलोमा' म्हणतात. जंतू मरत नाहीत. पण बाहेरही पडत नाहीत. ना खोकला, ना ताप. हा सुप्त क्षय माणूस जन्मभर बाळगतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

ही तटबंदी उभी ठेवण्याचे काम ज्या प्रथिनांकडे असते, त्यांत टीएनएफ प्रमुख आहे. सांध्यांत आग लावणारे आणि क्षयाला कोंडून ठेवणारे प्रथिन एकच. इंजेक्शनने ते अडवले की सांधे निवतात. पण तटबंदीही ढिली पडते. म्हणूनच येथे क्षय हा औषधातील भेसळीचा किंवा निकृष्ट दर्जाचा परिणाम नाही. औषध आपले काम चोख बजावते, त्यातूनच तो उद्भवतो. गटातील सर्व औषधांचा धोका मात्र सारखा नाही. इन्फ्लिक्सिमॅब आणि ॲडालिमुमॅब या प्रतिपिंडांच्या तुलनेत इटॅनरसेप्टमध्ये तो कमी आढळला आहे.

क्षयापलीकडेही जोखमी आहेत. टोचल्या जागी लाली व खाज ही किरकोळ. मात्र यकृतातील सुप्त हेपॅटायटिस 'बी' उसळणे, आधीच दुबळे असलेले हृदय आणखी थकणे, मज्जातंतूंच्या आवरणाला इजा होणे, बुरशीजन्य व अन्य गंभीर संसर्ग होणे, हे प्रकार विरळ असले तरी नोंदले गेले आहेत. मुले व तरुणांमधील लसिका ग्रंथींच्या कर्करोगाबाबतचा इशारा २००९ मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत छापणे बंधनकारक झाले. भारतात मात्र या सर्वांत क्षयाचे पारडे सर्वांत जड आहे.

भारतातील गणित वेगळे

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये क्षयाचा संसर्ग आढळला. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. दुसरीकडे, अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ॲडालिमुमॅबची जगातील पहिली समरूप आवृत्ती भारतात आणली. तिची किंमत अमेरिकेतील मूळ औषधाच्या सुमारे एक पंचमांश होती. अमेरिकेच्या बाजारात अशी पहिली आवृत्ती येण्यास जानेवारी २०२३ उजाडला. त्यानंतर इतर देशी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या. एका बाजूला संसर्गाचा विस्तीर्ण साठा आणि दुसऱ्या बाजूला वाढता वापर, अशी ही गाठ आहे.

खबरदारीचे सूत्र जगाला ठाऊक आहे. इंजेक्शनपूर्वी छातीची क्ष-किरण तपासणी, सुप्त क्षयाची चाचणी आणि संसर्ग आढळल्यास प्रतिबंधक गोळ्या. स्पेनमध्ये २००२ मध्ये अशा शिफारशी लागू झाल्यावर या रुग्णांमधील क्षयाचे प्रमाण ७८ टक्क्यांनी घटल्याचे तेथील नोंदवहीतून दिसले. शिफारशी पूर्णपणे न पाळलेल्या रुग्णांत क्षयाची शक्यता सातपट अधिक होती, हेही त्याच नोंदवहीने पुढे दाखवले. म्हणजे धोका अटळ नाही.

भारतात मात्र हे सूत्र जसेच्या तसे बसत नाही. कोपराखालच्या हातावर केली जाणारी मँटू चाचणी जन्मतः दिलेल्या बीसीजी लशीमुळे संसर्ग नसतानाही होकारार्थी येऊ शकते. उलट, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात संसर्ग असूनही ती नकारार्थी येते आणि या इंजेक्शनपर्यंत पोहोचणारे अनेक रुग्ण आधीपासून स्टेरॉइडवरच असतात. रक्ताची 'इग्रा' चाचणी बीसीजीमुळे फसत नाही. पण ती महाग आहे आणि दुबळ्या प्रतिकारशक्तीत तीही चुकू शकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सी-टीबी' ही त्वचेवरील चाचणी २०२२ मध्ये मंजूर झाली. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नसल्याने मधला मार्ग खुला झाला आहे.

आतड्यांच्या विकारात तर पेच आणखी अवघड आहे. क्रोन्स आणि आतड्यांचा क्षय यांची लक्षणे, दुर्बिणीतून दिसणारे व्रण, इतकेच काय तुकड्याच्या तपासणीतील चित्रही कित्येकदा सारखेच भासते. क्षयाला क्रोन्स समजून टीएनएफ रोखणारे इंजेक्शन दिले, तर आगीत तेल ओतल्यासारखे होते.

प्रतिबंधक उपचाराची सोय सरकारी कार्यक्रमात आहे. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत टीएनएफरोधक औषधे घेणाऱ्यांचा प्रतिबंधक उपचारासाठी समावेश आहे. सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन यांचे आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे, हे त्यातील पर्याय. साधारणतः इंजेक्शनच्या किमान महिनाभर आधी हा उपचार सुरू करावा, असा संकेत आहे. त्याआधी सक्रिय क्षय नसल्याची खात्री करणे आवश्यक असते. आयसोनियाझिड आणि मेथोट्रेक्सेट या दोन्हींचा ताण यकृतावर पडत असल्याने रक्ततपासणीही वेळोवेळी हवी.

एकदा तपासले, म्हणजे झाले?

येथे भारताचे आणखी एक वेगळेपण समोर येते. क्षय विरळ असलेल्या देशात एकदा सुप्त जंतू निपटला की प्रश्न बहुतांशी मिटतो. येथे रुग्ण पुन्हा त्याच लोकलमध्ये, त्याच चाळीत, त्याच एसटीत परततो. इंजेक्शन सुरू असताना नव्याने संसर्ग होऊ शकतो. म्हणून सुरुवातीची तपासणी नकारार्थी आली, तरी पुढील काळातील देखरेख सोडता येत नाही.

खरी कसोटीही तेथेच आहे. सांधेविकारतज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. पुण्या-मुंबईत औषध लिहून घेतलेला रुग्ण पुढील इंजेक्शने गावातच टोचून घेतो. दोन-तीन महिन्यांनी बारीक ताप येऊ लागला, वजन उतरले, मानेत गाठ आली, तर तो प्रथम गावातील डॉक्टरांकडेच जाणार. खोकला नाही म्हणून क्षयाची शंका येत नाही. थुंकी तपासली तरी फुफ्फुसाबाहेरचा क्षय तीत सापडेलच असे नाही. रुग्ण कोणते इंजेक्शन घेत आहे, हे त्या डॉक्टरांना ठाऊक नसेल, तर निदानाचे मोलाचे आठवडे विषमज्वराच्या गोळ्यांत निघून जातात.

यावर उपाय खर्चीक नाही. औषधाचे नाव, सुरू केल्याची तारीख, क्षय चाचणीचा निकाल आणि 'ताप आल्यास प्रथम क्षयाची शंका घ्यावी' ही सूचना असलेले मराठीतील कार्ड रुग्णाच्या खिशात असले, तरी पुष्कळ काही साधेल. दुष्परिणामांची नोंद हा दुसरा भाग. २००१ चा तो अहवाल कुणीतरी कळवलेल्या नोंदींवरच उभा राहिला होता. भारतातही गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत औषधदक्षता कार्यक्रम चालतो आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरांबरोबरच रुग्णालाही दुष्परिणाम कळवता येतो. ही सोय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवणे ही शासन, डॉक्टर आणि औषधकंपन्या या तिघांची जबाबदारी आहे.

रुग्णांनी धास्ती घेऊन इंजेक्शन परस्पर बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. आजार पुन्हा उसळतो आणि सांध्यांची झालेली हानी भरून येत नाही. स्टेरॉइडवर वर्षानुवर्षे काढणेही निर्धोक नाही. क्षयाचा धोका त्यातही आहे. पहिल्या मात्रेपूर्वी 'माझी क्षयाची तपासणी झाली आहे का?' आणि 'ताप आला तर मी कोणाला कळवायचे?' हे दोन प्रश्न रुग्णाने विचारावेत आणि डॉक्टरांनी त्यांचे उत्तर लेखी द्यावे. औषध येथे बनवण्याची क्षमता देशाने दाखवली आहे. ते येथील परिस्थितीनुसार वापरण्याची शिस्त आता अंगी बाणवावी लागेल.