त्यांचे छंदवर्ग, आपली सुट्टी

एप्रिल संपत आला की शहरांतल्या सोसायट्यांच्या फाटकांवर उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. वय वर्षे ५ ते १०. कुंभारकाम, नाटक, रोबोटिक्स, गोष्टी, शेतावर एक दिवस. दोन आठवड्यांच्या अशा शिबिराची फी पुष्कळदा त्याच सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या महिन्याच्या कमाईइतकी असते. याच दिवसांत वीटभट्ट्यांचा हंगामही चालू असतो. आईबापांसोबत स्थलांतर केलेले सहा-सात वर्षांचे मूल तिथे ओल्या विटा उलटवत असते. माती दोघांच्याही हातात आहे. एकाला तिच्यासाठी प्रमाणपत्र आणि फोटो मिळतो. दुसऱ्याचे नाव जूनमध्ये शाळेच्या पटावर राहील की नाही, याची खात्री नसते.

हा फरक फक्त पैशाचा आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. भट्टीवर कोणत्या जाती-जमातींची कुटुंबे असतात आणि शिबिरात कोणाची मुले असतात, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात कार्ल अलेक्झांडर, डोरिस एन्टविसल आणि लिंडा ओल्सन या समाजशास्त्रज्ञांनी १९८२ साली पहिलीत आलेल्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. त्यांनी २००७ साली मांडलेला निष्कर्ष असा, की नववीत गरीब आणि सुस्थित मुलांमध्ये वाचनाची जी दरी दिसते, तिचा मोठा भाग प्राथमिक वर्गांच्या उन्हाळी सुट्ट्यांत तयार होतो. शाळा चालू असताना दोघांची प्रगती जवळपास सारखी होती. पुढे या मोजमापाबद्दल संशोधकांत वाद झाले आहेत. तरीही मूळ मुद्दा आपल्या अनुभवाला पटणारा आहे. शाळा बंद झाली की घर शिकवते, आणि पिढ्यान्‌पिढ्या जातीने साठवून दिलेली पुस्तके, भाषा आणि ओळखी सगळ्या घरांत सारख्या नसतात.

आपल्याकडे तर शाळेबरोबर ताटही बंद होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही माध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. सुट्टीतही मुलांना भूक लागते, एवढे त्यातून मान्य झाले. पण ज्या गावात दुष्काळ जाहीर होत नाही, तिथल्या भूमिहीन घरातल्या मुलाचे काय?

गंमत अशी की आज महागड्या फलकांवर मिरवणारे हे शिक्षण जन्मले ते गरिबांच्या वस्तीत. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली पहिले बालगृह उघडले ते रोममधील सान लोरेन्झो या कामगार वस्तीत. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर, मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. प्रयोगशील शिक्षणाचे अमेरिकेतील मोठे विचारवंत जॉन ड्युई हे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे शिक्षक होते. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेब त्यांचा ऋणनिर्देश करतात. आणि जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे किमान वयाच्या १२व्या वर्षापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी करताना वाचन, लेखन, हिशोब यांच्याबरोबर शेती आणि आरोग्याचे ज्ञानही मागितले होते. अनुभवातून शिकणे ही कुणी आपल्यावर केलेली मेहेरबानी नाही. त्यावर आपला जुना हक्क आहे.

मग आपले आईबाप ‘कृतीतून शिक्षण’ म्हटले की साशंक का होतात? त्यांच्या शंकेला इतिहास आहे. १९५३ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. ग्रामीण शाळा रोज तीन तास, उरलेला वेळ मुलांनी घरचा धंदा शिकायचा. कागदावर हे श्रमाचे आणि जीवनाचे शिक्षण होते. प्रत्यक्षात न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि धोब्याच्या मुलाने कपडे धरायचे होते. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, म्हणून रस्त्यावर विरोध केला. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांनी ही योजना रद्द केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता ६ ते ८ साठी १० दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला आहे, ज्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे काम शिकावे. कल्पना म्हणून ती टाकाऊ नाही. पण कुंभाराच्या मुलीला त्या १० दिवसांत चित्रकाराकडे किंवा प्रयोगशाळेत पाठवणार की पुन्हा चाकावरच बसवणार, हे आपण विचारलेच पाहिजे.

मात्र ही शंका आपल्याला दुसऱ्या टोकाला नेते, तेव्हा नुकसान आपलेच होते. ‘खेळून काय मिळणार, पाढे पाठ कर’ हे वाक्य ऐकत आपल्यातले बरेच जण पदवीपर्यंत आलो. पाठांतराने गुण दिले. पण विद्यापीठाच्या वर्गात प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तोंड उघडले नाही. समोरचा विद्यार्थी हुशार होता म्हणून बोलत नव्हता. सातव्या वर्षापासून त्याला बोलू दिले होते, चुकू दिले होते.

उलट बाजूची चूकही तेवढीच घातक आहे. वस्तीत येणारे काही सद्‌हेतू स्वयंसेवक म्हणतात की मुलांना मोकळे सोडा, वाचन आपोआप येईल. ज्या घरात संध्याकाळी कुणीतरी गोष्ट वाचून दाखवते, तिथे ते ‘आपोआप’ येते. जिथे वाचणारे कुणीच नाही, तिथे अक्षर, जोडाक्षर, परिच्छेद, प्रमाणभाषेचे नियम हे सगळे नीट, उघडपणे आणि धीराने शिकवावे लागते. आपल्या मुलांना माती हवी आणि व्याकरणही हवे. दोहोंपैकी एक निवडायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

हे सरकारी शाळेत जमते. होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ साली प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. पुढे तो कार्यक्रम मध्य प्रदेशातील शेकडो शाळांत पोचला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांनी, जिथे प्रामुख्याने दलित मुले शिकतात, ‘समर समुराई’ नावाने उन्हाळी शिबिरे घेतली. याच शाळांतली मालावत पूर्णा ही आदिवासी मुलगी २०१४ साली, वयाच्या १३व्या वर्षी, एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. मे महिन्यात सरकारी शाळा मुलांसाठी उघड्या राहाव्यात, ग्रंथालय आणि जेवणासह. शिकवणाऱ्याला त्याचे वेगळे मानधन मिळावे. हा बोजा अंगणवाडी सेविकांवर आणि शिक्षकांवर फुकट टाकू नये. भट्ट्यांवर आणि बांधकामांवर हे वर्ग चालत जावेत. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर खासगी शाळेत गेलेल्या मुलाला ‘हा उपक्रम फीमध्ये नाही’ म्हणून बाहेर बसवले जाऊ नये.

आणि सरकार हलेपर्यंत आपण पदवीधर काय करतो? बुद्धविहारात, समाजमंदिरात आपणही उन्हाळी वर्ग घेतो. त्यांचा शेवट बहुतेक वेळा पाठ केलेल्या भाषणांच्या स्पर्धेत होतो. पहिला क्रमांक त्याला, जो न अडखळता बाबासाहेबांवर पाच मिनिटे बोलतो. या मे महिन्यात एक बदल करून पाहावा. एक तास नेटके वाचन-लेखन आणि एक तास मुलांच्या प्रश्नांचा. बक्षीस त्या मुलीला द्यावे, जिच्या प्रश्नाचे उत्तर शिकवणाऱ्यालाही शोधावे लागले.