सरडा घरात नको, झाडावरच बरा

गेल्या पावसाळ्यात भांडुपच्या डोंगराकडच्या वस्तीतील एक आई दोन वर्षांच्या मुलीला जुलाब होतात म्हणून माझ्याकडे आली. बोलता बोलता कळले, की थोरल्या मुलाने रंग बदलणाऱ्या सरड्याचे पिल्लू खोक्यात पाळले आहे. जुलाब त्यामुळेच झाले असे मी म्हणणार नाही. पण काळजी वाटली.

हा सरडा विषारी असतो, ही समजूत खोटी आहे. मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरू शकतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना त्यांचा धोका अधिक. याच कारणाने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली.

पिल्लाचेही हालच होतात. वाटीतले पाणी ते सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटते. खायला जिवंत किडे लागतात. ऊन न मिळाल्यास ड जीवनसत्त्व कमी पडून हाडे मऊ होतात. चाळीतल्या खोक्यात हे कसे जमावे?

शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा हा सरडा पाळणे गुन्हा आहे. असे पिल्लू घरात असल्यास वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. हात साबणाने धुवावेत. खोके स्वयंपाकघरात धुऊ नये.

पालकांनो, मुलावर रागावू नका. त्याला प्राण्याची माया आहे, ती जपा. राष्ट्रीय उद्यान आपल्या उशाशीच आहे. तिथे सरडा झाडावर, लांबून दाखवा.