दहावीच्या पुस्तकावरचा दरोडा

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या नावाचे प्रकरण होते. २०२३ साली नवी छपाई मुलांच्या हातात पडली तेव्हा त्या शीर्षकातली उत्क्रांती नाहीशी झाली होती. जीवाश्मांचा भाग गेला, सजीवांची परस्परांतील नाती शोधण्याची रीत गेली, मानवाचा पूर्वेतिहास गेला, चार्ल्स डार्विन हे नावही गेले. मेंडेलचे वाटाणे तेवढे शिल्लक ठेवले. करोनाकाळात मुलांवरचा बोजा हलका करण्याचे निमित्त सांगून २०२२ मध्ये ही कात्री चालवली गेली. पुढे करोना ओसरला, शाळा भरल्या, परीक्षा पूर्ववत झाल्या, पण कापलेला धडा परत आला नाही. टीआयएफआर, आयसर, आयआयटी अशा संस्थांतल्या संशोधकांसह १८००हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी एप्रिल २०२३ मध्ये जाहीर पत्र लिहून निषेध केला. त्यावर सरकारकडून उत्तर मिळाले की बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच, मग ओरड कशाला?

हे उत्तर लबाडीचे आहे आणि ते देणाऱ्यांना त्याची पूर्ण जाणीव आहे. दहावी हा या देशातला असा शेवटचा मुक्काम आहे जिथपर्यंत पाटलाचा मुलगा, शेतमजुराची मुलगी, उद्याचा वकील, उद्याचा तलाठी आणि उद्याचा आमदार एकाच बाकावर बसून एकच विज्ञान शिकतात. पुढे कोणी कॉमर्सला जातो, कोणी कला शाखेला, कोणी आयटीआयला, कोणी थेट कामाला. जीवशास्त्र घेऊन बारावीपर्यंत जाणारी मुले थोडीच. त्या थोड्यांकडे बोट दाखवून उरलेल्या सर्वांच्या ताटातला घास काढून घ्यायचा, आणि वर ‘आम्ही काही काढलेच नाही’ असे छातीठोकपणे सांगायचे, याला आमच्या भाषेत चोरी आणि शिरजोरी म्हणतात.

उत्क्रांती हा विद्वानांच्या दिवाणखान्यातला विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी विदर्भात, मराठवाड्यात कपाशीच्या शेतात जाऊन उभे राहावे. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, २००६ मध्ये दोन जनुकांची सुधारित बीटी आली, आणि बोंडअळीचा निकाल लागला असे शेतकऱ्याला सांगण्यात आले. पण कोट्यवधी अळ्यांमध्ये काही मोजक्या अळ्या जन्मतःच बीटी कपाशीतले विष पचवणाऱ्या असतात. बाकीच्या मरतात, या जगतात, यांचीच पिल्ले वाढतात, आणि काही हंगामांत शेत त्यांचेच होते. निसर्गाची निवड म्हणतात ती हीच. ती रोखायची म्हणूनच बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची १२० ग्रॅमची पुडी दिली जात होती. त्या पुडीतल्या बियाण्याच्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकार पातळ होत राहावा, असा तिचा हेतू. ती पुडी कशासाठी आहे हे शेतकऱ्याला धडपणे सांगितले कोणी? किती पुड्या बांधावर फेकल्या गेल्या, हे प्रत्येक कृषी सेवा केंद्रवाल्याला ठाऊक आहे. हंगाम संपल्यावरही पीक उभे ठेवून फरदड घेतली गेली, अळीला बाराही महिने अन्न मिळाले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर कपाशीला न उमललेल्या फुलांच्या डोमकळ्या दिसू लागल्या. बोंड वरून हिरवेगार आणि फोडले की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली. त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. या संकटाला कारणे अनेक, दोषी अनेक. पण अळी विषाला पुरून कशी उरते हे ज्या पानांवर समजावले जाते, तीच पाने फाडून ‘मुलांवरचा बोजा कमी केला’ म्हणणारे लोक कोणाचा बोजा कमी करतात? बोजा शेतकऱ्याच्या डोक्यावर आहे. याच निवडीने क्षयाच्या जंतूंवर औषधे चालेनाशी होतात तेव्हा तो मुंबईतल्या रुग्णाच्या डोक्यावर असतो. तो तिथेच आहे आणि वाढतो आहे.

आता हेतूकडे वळू. २०१८ च्या जानेवारीत तेव्हाच्या औरंगाबादेत एका वैदिक संमेलनासाठी आलेले केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जाहीर केले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिलेले नाही, म्हणून अभ्यासक्रम बदलला पाहिजे. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र येऊन त्याचा प्रतिवाद केला. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपल्या राज्यमंत्र्यांना आवर घातला. प्रकरण मिटले असे लोकांना वाटले. पाच वर्षांत पुस्तकातला धडा गेला. आता कोणी म्हणेल, या दोन गोष्टींचा संबंध काय? संबंध नसेल तर तो नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कात्री चालवणाऱ्यांवर आहे. मंत्र्याने ज्या धड्याकडे बोट दाखवले तोच धडा पुढे गळाला, आणि जनता काही दुधखुळी नाही.

कोणी पाहिले नाही, हा युक्तिवाद तर मुंबईचे पोलीस आयुक्तपद भूषवलेल्या गृहस्थांच्या तोंडी विशेष लाजिरवाणा आहे. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही म्हणून खून झालाच नाही, असे त्यांनी आपल्या नोकरीत कधी लिहून दिले होते काय? बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, राख, पडलेली वस्तू यांची साखळी जोडून गुन्हा सिद्ध होतो, आणि न्यायालये ती साखळी मानून जन्मठेप देतात. उत्क्रांतीची साखळी त्याहून कितीतरी भक्कम आहे आणि तिचे दुवे याच भूमीत सापडले आहेत. कच्छच्या खडकांत जमिनीवरून समुद्राकडे वळलेल्या आद्य देवमाशांची हाडे आहेत. जम्मूमधल्या कालाकोटच्या खडकांतून निघालेला, हरणासारख्या चणीचा इंडोहायस हा त्याच देवमाशांचा जवळचा नातलग आहे. नर्मदाकाठी हथनोरा येथे १९८२ साली भूशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाची कवटी मिळाली. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला डुकरासारख्या नाकाचा, जांभळट, बहुतेक आयुष्य जमिनीखाली काढणारा एक बेडूक आहे. २००३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली तेव्हा त्याचे सर्वांत जवळचे भाऊबंद समुद्रापार सेशेल्स बेटांवर निघाले. भारत आणि सेशेल्स कोट्यवधी वर्षांपूर्वी एकाच भूखंडाचे भाग होते, याची साक्ष तो बेडूक आजही जिवंतपणी देतो आहे. आणि आजच्या माकडाचा माणूस झाला असे डार्विनने म्हटलेलेच नाही. आजचे वानर आणि आजचा माणूस यांचे पूर्वज एक, एवढेच त्याचे म्हणणे. न वाचता खोडायला निघालेल्यांना हे कोणी सांगावे!

यांच्या दांभिकतेची खरी ओळख मात्र पुढे आहे. २०१९ साली जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाचे कुलगुरू मुलांपुढे सांगून गेले की दशावतार हा डार्विनच्या सिद्धांतापेक्षा सरस उत्क्रांतिवाद आहे. त्याच वर्षी लोकसभेत सत्यपाल सिंह म्हणाले की आपण ऋषींची संतती आहोत, वानरांची नव्हे. म्हणजे मत्स्यापासून मनुष्यापर्यंत चढत जाणारा क्रम श्रेयासाठी पाहिजे तेव्हा आमचा, आणि धडा कापायचा असेल तेव्हा तोच क्रम परकीय असत्य. दोन्ही खरे असू शकत नाही. ज्याला दोन्ही हवे असते त्याला सत्य नको असते.

आणि वानराच्या नात्याची ही शिसारी कोणाची? गावोगावच्या वेशीवर शेंदूर चढवलेल्या मारुतीपुढे नारळ फोडणाऱ्यांची? चौऱ्याऐंशी लक्ष योनींमधून फिरून जीव माणसाच्या देहात येतो असे पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्यांची? ब्रह्मदेवाच्या एका दिवसाला ४३२ कोटी वर्षे मोजणाऱ्यांना काळाच्या लांबीची भीती कधी वाटली? आयर्लंडमधला आर्चबिशप अशर सृष्टीचा जन्म इसवी सनापूर्वी ४००४ सालचा धरून बसला होता. त्याच्या वारसांना डार्विन बोचला हे समजण्यासारखे आहे. आमच्या परंपरेचे हे भांडण नव्हतेच. स्वदेशीचा जप करणाऱ्यांनी ते परदेशातून उसने आणले आहे, आणि तेही त्या भांडणातला प्रामाणिकपणा तिकडेच ठेवून. १९२५ साली अमेरिकेत डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्सवर खटला भरला गेला. बायबलची बाजू घेणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढले आणि भर जमावापुढे त्यांनी स्कोप्सचे वकील क्लॅरन्स डॅरो यांची उलटतपासणी सोसली. त्यांचे मत चूक होते, पण ते पिंजऱ्यात उभे राहिले. आमच्याकडे असा कोणता पिंजरा उभा राहिला? वाद घालण्याची छाती नाही, म्हणून विषय वगळण्याची तजवीज. तुर्कस्तानने २०१७ मध्ये हेच केले: नववीच्या मुलांना हे झेपणार नाही, विद्यापीठात शिकतील. ज्या राजवटीला धर्मांध म्हणून येथे उठता-बसता नावे ठेवली जातात, तिचीच सबब उचलून ‘बारावीत शिकतील’ म्हणताना यांची जीभ अडखळली नाही.

ईश्वरावर श्रद्धा ठेवणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. सृष्टीच्या मागे कर्ता आहे असे मानणारे आणि उत्क्रांतीही मानणारे लोक सर्व धर्मांत आहेत. खुद्द पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली उत्क्रांती ही केवळ अटकळ राहिलेली नाही असे मान्य केले. आमचे भांडण मुलांच्या हातातले पुस्तक चोरून हलके करणाऱ्यांशी आहे. वैज्ञानिक दृष्टी वाढवणे हे संविधानाच्या ५१ क कलमाने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि नागरिकांना ते पाठ करायला लावणारी सत्ताच ते पायदळी तुडवते आहे. हा अज्ञानाचा प्रकार नव्हे. हा भित्रेपणा आहे, आणि तो सत्तेच्या शिक्क्यानिशी केलेला आहे.

महाराष्ट्राने आता डोळ्यांत तेल घालून पाहावे. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागातले पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे आहे. आता राज्यात सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे. त्या लाटेत हे प्रकरण वाहून जाणार नाही, अशी लेखी हमी शालेय शिक्षण विभागाने द्यावी. आणि एनसीईआरटीने वगळलेला धडा दहावीच्या पुस्तकात जसाच्या तसा परत घालावा. पालकांनी, शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी आपल्या मुलाच्या दप्तरातले विज्ञानाचे पुस्तक आजच उघडून अनुक्रमणिका वाचावी, आणि तो धडा तिथे नसेल तर मुख्याध्यापकांपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येकाला त्याचा जाब विचारावा.