खामच्या पलीकडचे कोरे पान

महापालिकेने विदा खुली करावी, कोणा होतकरू अभियंत्याने तिच्यावर अ‍ॅप उभारावे आणि शहर नागरिकांच्या हाती यावे, अशी एक समजूत सध्या विद्वत्सभांतूनही ऐकू येते. आम्हांला ती मान्य नाही. मराठीच्या प्राध्यापकांचा यंत्रावरील नेहमीचा राग म्हणून आमचे म्हणणे कोणी सोडून देऊ नये. (तो रागही आमच्यात थोडाफार आहे, हे कबूल.)

आम्ही छावणीत राहतो. खाम नदी ओलांडून इकडे आले की कारभार बदलतो. येथे महापालिका नाही. 2006 च्या कायद्यानुसार चालणारी छावणी परिषद आहे आणि तिच्यावर संरक्षण मंत्रालय आहे. महापालिकेची विदा महापालिकेच्या हद्दीपाशी थांबते. तेव्हा केवळ त्या विदेवर रचलेल्या सामाजिक नकाशात खामच्या पश्चिमेला एक कोरे पान उरणार, हे उघड आहे. गुरुवारी येथे आठवडी बाजार भरतो. खेड्यापाड्यांतून जनावरे घेऊन माणसे येतात. त्या जनावरांना पाणी कोठे आहे, दिवसभर भाजी विकणाऱ्या बाईला आडोसा कोठे आहे, हे त्या नकाशाला कोण सांगणार? खाम मात्र दोन्ही कारभारांचे सांडपाणी सारख्याच निर्विकारपणे वाहून नेते. तिला हद्द कळत नाही.

पण दोष केवळ हद्दीचा असता तर दोन धारिका जोडून भागले असते. 2012 साली केंद्राचे विदाविषयक धोरण आले, शासकीय विदेचे संकेतस्थळही सुरू झाले. त्यातून खुले होते ते शासनाने आधी गोळा केलेले. कार्यालयाला जे मोजावेसेच वाटले नाही, ते खुले होणार कसे? पुण्याच्या 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेने 1993 पासून झोपडवस्त्यांचे काम केले, ते वस्तीतल्याच लोकांना बरोबर घेऊन, घरोघरी जाऊन. केनियात 2008 साली निवडणुकीनंतरचा हिंसाचार नकाशावर आला तो लोकांनी धाडलेल्या संदेशांतून. त्या व्यवस्थेचे नाव 'उशाहिदी', स्वाहिलीत साक्ष. अशा नकाशाला साक्षीदार लागतात.

छावणीत साक्ष द्यायला माणूस कचरतो, हेही खरे. 2013 साली 'गूगल'च्या नकाशास्पर्धेविरुद्ध भारतीय सर्वेक्षण विभागाने पोलिसांत तक्रार केली होती. 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशाकारांवरील बंधने पुष्कळ सैल केली, पण जुनी धास्ती जात नाही. लष्कराच्या जागा कोणी नोंदवाव्यात असे आम्ही म्हणत नाही. नळाची तोटी आणि शौचालयाचे दार यांत कसले आले लष्करी गुपित?

आता, यात साहित्याचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांसाठी. महानुभावांची 'स्थानपोथी' आपण सर्वांनी अभ्यासली आहे, वि. भि. कोलते यांनी ती संपादिली. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले ती स्थाने दिशा आणि खुणा सांगून तीत नोंदवली आहेत. यादवांच्या दप्तरखान्यातून नकलून आणलेली ती यादी नव्हे. ज्यांना ते स्थान ठाऊक होते त्यांच्या स्मरणातून आणि पायपिटीतून ती सिद्ध झाली. मराठवाड्यातल्या मराठी विभागांना या पद्धतीचा वारसा फुकट मिळालेला आहे आणि आपण त्यावर दहा गुणांची टीप लिहवून घेतो. शहराच्या नावावरून 2023 साली केवढा वाद झाला! गल्लीबोळांची, नाल्यांची, पारांची नावे कोणत्या लिपीत आणि कोणाच्या उच्चाराने नोंदली जातात, यावर मात्र कोणी भांडले नाही. 2004 पासून चालू असलेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप'वर कोणालाही देवनागरीत नाव घालता येते. तेथे अभियंते कधीच पोहोचले आहेत. भाषेची माणसे फारशी दिसत नाहीत.

हे अभ्यासक्रमात बसत नाही, असे विभागप्रमुख म्हणतील. बसते. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्र-प्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत. ते सध्या बहुधा ग्रंथालयात बसून, मागच्या वर्षीच्या वहीवरून मिळवले जातात. त्यांतले दोन तरी गुरुवारी सकाळी छावणीच्या बाजारात, वही घेऊन उभ्या असलेल्या मुलामुलींना मिळू द्यावेत.