पोटांतील अग्नि आणि सकाळची गोळी

जेवण झाल्यावर पोटावरून हात फिरवून अगस्तींचें स्मरण करण्याची रीत अजून कित्येक घरांतून आहे. वातापीस पचविणाऱ्या ह्या ऋषींचा आश्रम प्रवरेकांठीं अकोल्यास आहे. त्याच अकोल्यांत गेल्या पौषांत एका आप्तांकडे आम्ही चार दिवस राहिलों. घरांतील आजी सकाळीं उठतांच प्रथम पॅन्टोप्राझोलची गोळी घेत, मग देवापुढें बसत! सात वर्षांपूर्वीं गुडघेदुखीच्या औषधाबरोबर ती सुरू झाली होती. गुडघ्याचें औषध केव्हांच सुटलें. ही मात्र राहिली. ती कशासाठीं, हें घरांत कोणासच सांगतां येईना.

गोळी वाईट नव्हे. पूर्वीं सोडा घेत, त्यानें जठरांत उतरलेलें आम्ल तेवढें मारलें जाई. १९७६ सालीं जेम्स ब्लॅक ह्यांच्या संशोधनांतून निघालेलें सिमेटिडीन विक्रीस आलें आणि आम्ल मुळांतच कमी करतां येऊं लागलें. त्याच्याहि पुढची पायरी १९८८ च्या ओमेप्राझोलची. तें पेशींतील आम्लाचे पंपच बंद करतें. पॅन्टोप्राझोल त्याचेंच भावंड. ज्या व्रणांसाठीं पूर्वीं पोट फाडावें लागे, ते ह्या औषधांनीं भरून येऊं लागले. पुढें वॉरेन व मार्शल ह्यांनीं पुष्कळशा व्रणांच्या मुळाशीं एक जंतु असतो असें दाखविलें, तेव्हां काळजीवरचा आणि मिरचीवरचा आळ बराचसा उतरला! त्या जंतूवर दोन प्रतिजैविकांबरोबर हीच गोळी बहुधा चौदा दिवस देतात. अन्ननलिकेचा दाह, व्रणांतील रक्तस्राव, वेदनाशामकें घ्यावीं लागणाऱ्या वृद्धांच्या जठराचें रक्षण, हीं तिचीं खरीं कामें.

परंतु घेण्याचीहि रीत आहे. हे पंप अन्नाच्या चाहुलीनें जागे होतात, म्हणून गोळी न्याहारीपूर्वीं अर्धा तास घ्यावयाची. आमच्या आजी चतुर्थीस गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत चहावरच असत. त्या दिवशीं तिचा बहुतेक गुण वायांच जात असावा.

आमचें लक्ष मात्र दुसरीकडेच होतें. आजींच्या पायांस मुंग्या येत, अंधारांत तोल जाई. 'वय झालें' म्हणून घरच्यांनीं तें सोडून दिलें होतें. अन्नांतील बी-१२ जीवनसत्त्व मोकळें होण्यास जठरांतील आम्ल लागतें. शाकाहारी घरांत तें मिळावयाचें दूध, दही, ताक ह्यांतूनच. त्यांतून आजींस दूध आवडत नाहीं. म्हणजे मुळांतच पुरवठा तुटपुंजा, आणि त्यावर सात वर्षें आम्लास बंदी! आमच्या आग्रहावरून रक्त तपासलें, तों बी-१२ फारच उतरलेलें निघालें. सारा दोष गोळीचाच असें आम्ही म्हणणार नाहीं. उतारवयांत तें शोषलेंहि कमी जातें. पण सात वर्षांत एकदांहि तपासणी होऊं नये, ह्याचें वाईट वाटतें.

डॉक्टरांनीं इंजेक्शनें सुरू केलीं आणि गोळी हळूहळू कमी केली. एकदम सोडली तर दबलेलें आम्ल उसळून येतें आणि रोगच परतला असें वाटतें. आजींसहि मधले दोन आठवडे जळजळ झाली. रात्रीचें जेवण लवकर उरकून आणि उशाकडची बाजू उंच करून त्यांनीं तें निभावलें.

हें वाचून कोणी आपल्या मनानें गोळी टाकूं नये. ज्यांच्या व्रणांतून रक्त गेलें आहे, किंवा ज्यांस हृदयासाठीं अ‍ॅस्पिरिन चालू आहे, त्यांस ती प्राणरक्षक असूं शकते. काळी शौच, गिळतांना अडथळा, विनाकारण घटणारें वजन दिसल्यास गोळीवर दिवस काढूं नयेत. छातींतील जळजळ चालतांना वाढून घाम सुटत असेल, तर ती पोटाची नसून हृदयाची असूं शकते. तेव्हां तत्काळ दवाखाना गांठावा.

परवां अकोल्याहून पत्र आलें. आजींची गोळी सुटली आहे, मुंग्या निम्म्यानें उणावल्या आहेत. पण अंगणांत उतरतांना भिंतीचा आधार अजून लागतो, आणि तो पुढेंहि लागेल असें डॉक्टर म्हणतात.