शेतकी खातें आणि घरभाड्याची अनामत

आमच्या कनिष्ठ बंधूंचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत, मॅडिसन शहरीं असतात. गेल्या श्रावणांत त्यांनीं भाड्याचें घर बदललें आणि जुन्या घरमालकानें अनामत रक्कम परत देण्यास टाळाटाळ आरंभिली. त्यांचें पत्र आलें त्यांत हकीकत सांगून शेवटीं लिहिलें होतें, ‘काका, शेतकी खात्याकडे रीतसर तक्रार केली आहे, काळजी नसावी.’ पत्र मोठ्यानें वाचून होतांच माजघरांत हंशा पिकला. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, त्याला विचारा तरी, दिवाणखान्यांत भुईमूग पेरला होता काय?” आम्हांसही प्रथम तो लेखनदोषच वाटला. परंतु चौकशी करतां समजलें कीं, चिरंजीव बरोबर होते. त्या राज्यांत शेती, व्यापार आणि ग्राहकसंरक्षण हीं तिन्ही कामें एकाच खात्याच्या स्वाधीन आहेत, आणि भाडेकरूची अनामत एकवीस दिवसांच्या आंत परत करावी, कांहीं कापून घेतल्यास त्याचा हिशेब लेखी द्यावा, हा नियमही त्याच खात्यानें घालून दिलेला आहे.

ज्यांनीं कौटिलीय अर्थशास्त्र चाळलें असेल त्यांस ही व्यवस्था चमत्कारिक वाटेल. तेथें सीताध्यक्ष शेती पाहतो, गोऽध्यक्ष गुरेंढोरें पाहतो, पौतवाध्यक्ष वजनेंमापें आणि संस्थाध्यक्ष बाजार. प्रत्येकाचा अधिकार निराळा, प्रकरणही निराळें. (मापें दर चार महिन्यांनीं तपासून घ्यावीं असा तेथें दंडक आहे. आमच्या गल्लींतील तराजू शेवटचा केव्हां तपासला गेला हें वाचकांनीं आपल्या मनाशींच विचारावें.) हे चारही अध्यक्ष मॅडिसन येथें एका छपराखालीं कसे येऊन बसले, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे, आणि तिचा उगम दुधांत आहे.

मिशिगन सरोवराच्या पश्चिमेस वसलेल्या या राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गहू हेंच मुख्य पीक होतें. वर्षानुवर्षें तेंच पीक घेतल्यानें जमिनीचा कस गेला, त्यांत किडीनें उच्छाद मांडला, आणि शेतकरी हळूहळू गाईंकडे वळला. इ. स. १८७२ मध्यें वॉटरटाउन गांवीं कांहीं मंडळींनीं दुग्धव्यावसायिकांची संस्था काढली. त्यांतील विल्यम डेम्पस्टर होर्ड हे वृत्तपत्राचे संपादक. गाय ही सोज्ज्वळ वागणुकीनें दूध देते, दांडगाईनें नव्हे, हें ते आयुष्यभर शेतकऱ्यांस समजावीत राहिले. पुढें १८८९ सालीं तेच राज्याचे गव्हर्नर झाले आणि त्याच वर्षीं दुग्ध व अन्न आयुक्ताची जागा निर्माण झाली. आजच्या खात्याचें मूळ येथें आहे.

या आयुक्तास काम कमी नव्हतें. त्या वेळीं चीजच्या कारखान्यांत दूध वजनावर घेतलें जाई. वजनावर घेतलें म्हणजे पाणी घालणाराचा फायदा आणि सचोटीनें वागणाराचा तोटा, हें सांगावयास नको. १८९० मध्यें तेथील विद्यापीठांतील स्टीफन बॅबकॉक या रसायनवेत्त्यानें त्यावर उपाय शोधला. लांब मानेच्या बाटलींत मोजकें दूध घेऊन त्यांत गंधकाम्ल घालावयाचें. स्निग्धांशाखेरीज सर्व कांहीं त्यांत विरघळतें. मग बाटल्या चक्रांत बसवून हातानें गरगर फिरवावयाच्या व गरम पाणी घालावयाचें, कीं स्निग्धांश मानेंत वर येतो. मानेवरील रेघा वाचल्या कीं काम झालें. खेड्यांतील साध्या कारागिरासही जमेल अशी ही युक्ति. बॅबकॉक यांनीं तिचें पेटंट घेतलें नाहीं, ती सर्वांस मोकळी ठेवली. आम्ही चाळीस वर्षें शाळेंत मुलांस ‘दुग्धपरीक्षा’ म्हणून दुग्धमापकाची नळी दाखवीत आलों. परंतु साय काढून घेतलेल्या दुधांत बेतानें पाणी घातलें तर ती नळी बिचारी फसते, हें आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं आणि आम्हींही मुलांस सांगितलें नाहीं.

दुसरें पाप याहून मोठें होतें. कांहीं कारखानदार दुधांतील सगळी साय काढून तिचें लोणी विकीत, आणि उरलेल्या पांढऱ्या पाण्यांत डुकराची चरबी घालून चीज बनवीत. हा माल विलायतेस जाई. एकदोन हंगाम चांगला नफा झाला. मग विलायतेंतील व्यापाऱ्यांस सुगावा लागला आणि त्यांनीं विस्कॉन्सिनच्या मालाकडे पाठ फिरवून कॅनडाचें चीज घेण्यास आरंभ केला. मूठभर लोकांच्या लोभानें सबंध प्रांताचें नांव गेलें. १८९५ मध्यें राज्यानें असें चीज करण्यास बंदी केली. ग्राहकाचें रक्षण हें शेतकऱ्याच्याच हिताचें आहे, हा धडा या लोकांस असा पदराचे पैसे खर्चून मिळाला. पुढें चीज बनविणारासही परवाना घ्यावा लागूं लागला, आणि तो तेथें आजही लागतो.

घरभाड्याचा संबंध मात्र अजून आला नाहीं, म्हणून पुढचे टप्पे झटपट सांगतों. १९१५ सालीं स्वतंत्र शेतकी खातें निघालें. १९२१ मध्यें बाजारांवर देखरेख करणारें निराळें खातें झालें, आणि व्यापारांतील अन्याय्य रीति बंद करण्यासाठीं नियम करण्याचा अधिकार कायद्यानें त्यास मिळाला. हें कलम केवळ धान्य-दुधापुरतें न लिहितां सर्व व्यापारास लागूं पडेल असें लिहिलें गेलें, हीच मेख. १९२९ मध्यें ही दोन्ही खातीं, दुग्ध व अन्न आयुक्त आणि दिव्याचें तेल तपासणारे अधिकारी सुद्धां एकत्र करण्यांत आले. १९३९ मध्यें नांव पुन्हां नुसतें शेतकी खातें असें ठेवलें; १९७७ पासून तें ‘शेती, व्यापार व ग्राहकसंरक्षण खातें’ झालें. नांवें बदललीं, पण तें कलम राहिलें. त्याच्याच आधारें भाडेकरूंविषयींचे नियम झाले. पेट्रोल पंपाचें आणि दुकानांतील काट्याचें माप, गुरांचे रोग, भोजनगृहांची स्वच्छता, नकोसे फोन, हें सारें आज याच खात्याकडे आहे. धोरण ठरविण्यास नऊ सभासदांचें मंडळ असतें. गव्हर्नर त्यांस विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या संमतीनें सहा वर्षांसाठीं नेमतो. त्या नवांत सात जण शेतीचे जाणकार आणि ग्राहकांचे प्रतिनिधि दोन.

सातास दोन! हा आंकडा वाचला आणि आम्हीं चष्मा खालीं ठेवला. ज्याचा माल त्याच्याच हातीं तराजू, असें तर हें नव्हे? शंका निराधार नाहीं, कारण लोण्याचें प्रकरण इतिहासांत आहे. वनस्पति व प्राणिज चरबीपासून केलेलें मार्गारिन लोण्याहून स्वस्त. त्यास लोण्यासारखा पिवळा रंग देऊन विकण्यास विस्कॉन्सिननें १८९५ मध्यें बंदी घातली आणि ती १९६७ पर्यंत, म्हणजे सबंध बहात्तर वर्षें, उठविली नाहीं. इतर सर्व राज्यांनीं त्यापूर्वींच उठविली होती. पांढरें मार्गारिन लोण्याचें नांव घेऊन खपूं नये इतपत हेतु असेल तर तो रास्तच. परंतु गरीब गृहिणीनें जाणूनबुजून स्वस्त वस्तु घ्यावयाची म्हटलें तरी तिला पिवळा रंग मिळूं नये, यांत ग्राहकाचें कोणतें संरक्षण झालें? हें गवळ्याचें संरक्षण होतें, आणि त्यास दुसरें नांव देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. लोक मोटारी घेऊन शेजारच्या इलिनॉयमध्यें जात आणि पेटीच्या पेटी भरून आणीत.

या बंदीचे कट्टर पाठीराखे होते सेनेटर गॉर्डन रोझलाइप. १९६५ मध्यें त्यांनीं आव्हान स्वीकारलें कीं, डोळे बांधून चव घेऊनही मी लोणी ओळखीन. परीक्षा झाली, आणि त्यांनीं मार्गारिनलाच लोणी म्हटलें! यांतील खरें गुपित घरच्यांनीं मागाहून सांगितलें. नवऱ्याच्या प्रकृतीच्या काळजीनें त्यांची पत्नी कित्येक दिवस घरीं लोण्याच्या जागीं गुपचूप मार्गारिनच वाढीत होती. ही कथा सांगितली तेव्हां वहिनींस हंसूं आवरेना. आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं मात्र पानांतील तुपाकडे संशयानें पाहिलें. बंदी गेली तरी, गिऱ्हाइकानें मागितल्याखेरीज भोजनगृहानें लोण्याऐवजीं मार्गारिन वाढूं नये, हें कलम तेथील कायद्यांत आहेच.

आपल्याकडेही वनस्पति तुपास रंग द्यावा कीं न द्यावा यावर पुष्कळ खल झाला. रंगाचें जमलें नाहीं. त्याऐवजीं वनस्पति तुपांत शेंकडा पांच तिळाचें तेल सक्तीचें झालें. हेतु असा कीं, साजुक तुपांत तें मिसळल्यास रासायनिक परीक्षेंत तांबडा रंग उमटून चोरी उघडी पडावी. १९३७ मध्यें शेतमालाची प्रतवारी करण्याचा कायदा झाला, त्यांतून ‘अॅगमार्क’ शिक्का निघाला. वजनांचें खातें आपल्याकडे निराळें, अन्न व औषध प्रशासन निराळें, बाजार समित्या निराळ्या, ग्राहक आयोग निराळा. म्हणजे कौटिल्याचीच परंपरा.

हें लिहीत असतांनाच घरांत एक गोष्ट घडली. आमचा नातू रसायनशास्त्र शिकतो. पत्रांतील वादावादी ऐकून त्यानें नवरात्रासाठीं आणलेल्या डब्यांतील चमचाभर तूप प्रयोगशाळेंत नेलें आणि संध्याकाळीं परत येऊन गुलाबी रंगाची नळी वहिनींपुढें धरली. वहिनी कांहीं वेळ बोलल्याच नाहींत. त्याच तुपाचा दिवा नऊ दिवस देवापुढें जळला होता आणि त्याच तुपांतला शिरा कुमारिकांस वाढला होता. दुकानदाराकडे गेलों तर तो म्हणाला, “मास्तर, तुमची आमची तीस वर्षांची ओळख!” तीच ओळख आम्हांस अधिक लागली. मुलाची एक नळी म्हणजे पुरावा नव्हे, हें नातवानेंच आम्हांस बजावलें. सरकारी प्रयोगशाळेचा निकाल पाहिजे.

मॅडिसनच्या खात्यानें घरमालकास पत्र लिहून जबाब मागविला. पंधरवड्यांत चिरंजिवांचे पैसे आले, भिंतीच्या रंगाचा खर्च तेवढा हिशेब दाखवून कापलेला. त्यांनीं उलट टपालीं विचारलें आहे, ‘काका, तुपाचें काय झालें?’ अन्न व औषध प्रशासनाकडे आम्हीं अर्ज गेल्या सोमवारीं दिला आहे. पोंच या मेजावर दौतीखालीं ठेवली आहे, आणि वहिनींनीं तो डबा कापडांत बांधून फडताळांत वरच्या खणांत ठेवला आहे. त्यास कोणीं हात लावावयाचा नाहीं.